आज डोंगर लांब गेलेत

भंडारदऱ्याच्या जलाशयाचा एक कृष्णधवल फोटो मनासारखा यायला मला १४ महिने आणि ९ फेऱ्या लागल्या. नाशिकहून घोटीमार्गे धरणाजवळचं शेंडी गाव साधारण ७० किलोमीटर. पहाटे साडेतीनला घर सोडलं की उजाडायच्या आत पाण्याकाठी ट्रायपॉड लावून होतो. इतक्या फेऱ्यांनंतर रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ झाला, फोटो मात्र येत नव्हता.

मला हवं होतं ते असं: पुढ्यात प्रवरेचं अडवलेलं पाणी, त्यापलीकडे एकामागे एक उभ्या डोंगररांगा आणि सगळ्यात मागे रतनगड किल्ला, शेजारी त्याचा खुट्टा नावाचा सुळका. रंग नको होते. सूर्यास्ताचा केशरी रंग फोटोत आला की बघणारा त्या रंगातच अडकतो, डोंगराच्या अंगाकडे त्याचं लक्षच जात नाही, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात केली ती लाल फिल्टरपासून, म्हणजे लाल उजेड आत सोडून निळा अडवणाऱ्या काचेपासून. कृष्णधवल निसर्गचित्र म्हटलं की अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स समोर येतो. १९२७ साली योसेमिटीत हाफ डोम या उभ्या कड्यासमोर त्याच्याकडे काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. एक त्याने पिवळ्या फिल्टरने घेतली आणि शेवटची गडद लाल फिल्टर लावून. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा उजळून पुढे आला. तो फोटो मी इतक्यांदा पाहिलाय की डोंगराचा फोटो म्हणजे काळं आकाश आणि धारदार कडा, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून पहिल्या डिसेंबरात कॅमेरा मोनोक्रोमवर टाकला, त्यातला लाल फिल्टरचा परिणाम सुरू केला आणि दोन दिवस फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघतो तर रतनगड, मधली रांग आणि काठावरची टेकडी, तिन्ही एकाच करड्या रंगाची, एकमेकांना चिकटलेली. ७-८ किलोमीटरचं अंतर फोटोत कुठे गेलं ते कळेना. त्यात सगळं जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फाइलमध्ये काढलेलं; सगळी मूळ माहिती राखणारी रॉ फाइल बंद. कॅमेऱ्याने एकदा रंग टाकून दिले की ते परत येत नाहीत. दोन दिवसांची मेहनत गेली, आणि त्याहून जास्त लागलं ते हे की त्यातल्या एका संध्याकाळी प्रकाश खरोखर अप्रतिम होता.

पुढच्या चार फेऱ्या मी हवा स्वच्छ असेल असे दिवस शोधत राहिलो. धूसर दिसलं की हळहळायचं, हाच क्रम. पावसाळ्यातही जाऊन आलो. धरण भरलेलं, कळसूबाईच्या माथ्यावर ढग, बघायला स्वर्ग. पण हिरव्यावर हिरवं कृष्णधवलमध्ये सपाट होतं. गवत, झाडी, भातखाचरं सगळ्यांची एकच छटा.

वळण मिळालं ते जलाशयाकाठच्या पांजरे गावाच्या बाजूला चहा घेताना. जानेवारी होता. समोरचा रतनगड निळसर, पुसट. मी कॅमेरा पिशवीत भरायला लागलो तशा चहावाल्या मावशी म्हणाल्या, "आज डोंगर लांब गेलेत, दादा. पाऊस उघडला की कसे दाराशी येतात."

हातातला कप तसाच राहिला. मावशी धुरकटपणाबद्दल तक्रार करत नव्हत्या, त्या अंतर सांगत होत्या. सह्याद्रीत डोंगर किती लांब आहे हे डोळ्याला कळतं ते हवेतल्या या झाकोळामुळेच. थंडीत गार हवा दरीत दबून बसते, धूळ-धूर वर जात नाही. फेब्रुवारी उलटला की भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायला घेतात, त्याचा निळा धूर भर घालतो. जितकी रांग लांब, तितकी मध्ये हवा जास्त आणि तितकी ती रांग फिकी. आणि हा झाकोळ निळा प्रकाश जास्त विखुरतो, लाल कमी. म्हणजे लाल फिल्टर लावून मी नेमकं तेच खोडून टाकत होतो ज्यासाठी इथे येत होतो. ॲडम्ससमोर उन्हात उभा एक कडा होता. माझ्यासमोर मागे मागे जाणाऱ्या रांगा होत्या. गरजच वेगळी.

मग आठवले १८६० च्या दशकातले ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युएल बोर्नचे हिमालयातले फोटो. त्या काळच्या कोलोडियन प्लेटांना, म्हणजे रसायन लावलेल्या काचांना, लाल दिसायचंच नाही, निळा तेवढा कळायचा. म्हणून त्यांत आकाश पांढरं आणि दूरचे डोंगर विरत गेलेले. आपण ज्याला जुन्या तंत्राची उणीव म्हणतो तीच मला हवी होती.

त्यानंतर पद्धत बदलली. रॉ सुरू, स्क्रीनवर फक्त बघण्यापुरतं मोनोक्रोम आणि त्यात निळ्याकडे झुकवलेलं पांढरं संतुलन (व्हाइट बॅलन्स). सकाळ सोडली, संध्याकाळ धरली. पांजऱ्याच्या काठावरून रतनगडाकडे पाहिलं तर थंडीत सूर्यही त्याच अंगाला झुकून मावळतो. समोरून उजेड आला की झाकोळ आतून पेटल्यासारखा होतो. ही गोष्ट सकाळी, पाठीवर ऊन घेऊन, कधीच दिसत नाही.

त्या संध्याकाळचा अर्धा तास अजून डोळ्यांसमोर आहे. साडेपाचला पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी होती, प्रतिबिंब तुटत होतं. सूर्य रांगेला टेकला तसा वारा पडला. एफ ११, आयएसओ १००, सुरुवातीला सेकंदाचा साठावा भाग. दर दोन-तीन मिनिटांनी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख, बघत वेळ वाढवत गेलो, शेवटी दोन सेकंदांवर आलो. ओल्या गाळात ट्रायपॉडचा एक पाय खचत होता, त्याखाली चपटा दगड सरकवला. सूर्य गेल्यावर पाच-सात मिनिटांनी एक क्षण असा आला की पाच रांगा पाच वेगळ्या छटांत उभ्या राहिल्या. पुढची टेकडी काळी, रतनगड जेमतेम आकाशाहून गडद, आणि पाण्यात तेच सगळं उलटं, थोडं अधिक काळोखं. सात फोटो मिळाले, मग सगळं एक झालं.

घरी रंगीत फाइलवरून कृष्णधवल करताना निळा वर उचलला, लाल खाली आणला. इथे एक अडचण येते, नवख्यांनी जरूर लक्षात ठेवावी. संध्याकाळच्या तांबड्या उजेडात निळा प्रकाश मुळातच कमी, म्हणून तो उचलला की दाणे दिसू लागतात. मी शेवटचे चार फोटो एकाच चौकटीत, पाठोपाठ काढले होते. ते एकावर एक ठेवून सरासरी घेतली तेव्हा आकाश नितळ झालं.

पहिली प्रिंट काळीकुट्ट आली. दोष माझ्या स्क्रीनचा, उजेड फार वाढवलेला होता. तो कमी करून, मॅट सुती कागदावर दुसरी काढली. तिच्यात रतनगडाच्या कड्याची रेघ बोटाने शोधावी इतकी हलकी आहे, पण आहे.

ती प्रिंट घेऊन पांजऱ्याला गेलो. मावशींनी हात पदराला पुसले, कागद लांब धरून बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "थंडीतला हाय. दिवस बुडाल्यावरचा." मग बोट न लावता, कागदापासून थोडं वर धरून, त्यांनी एकेक रांग मोजली.