तुम्ही विचारलंत म्हणून: सर्टिफिकेट असताना मीठ परत का तपासता?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंग हाऊसची (रंगाईच्या कारखान्याची) लॅब बघतो, त्यामुळे सप्लायरपासून घरी आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळे हेच विचारतात, "अहो, सर्टिफिकेटवर 99.5 टक्के प्युअर लिहिलंय की, मग परत काय तपासत बसता?"

मला त्या 99.5 चं काही नाही हो, उरलेल्या अर्ध्या टक्क्यात काय आहे ते बघायचंय. काळा, नेव्ही अशा गडद शेडला रिअॅक्टिव्ह डाईच्या (सुती धाग्याला पक्का धरणाऱ्या रंगाच्या) बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, रंग कापडावर चढावा म्हणून लिटरला 80 ग्रॅमपर्यंत मीठ पडतं, आता त्यात नुसतं 0.1 टक्का कॅल्शियम धरा, लिटरला 80 मिलिग्रॅम झालं, हार्डनेसच्या, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे पाण्याला येणाऱ्या जडपणाच्या हिशोबात 200 पीपीएम (लिटरला 200 मिलिग्रॅम)! म्हणजे बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून (जडपणा काढणाऱ्या यंत्रातून) काढायला खर्च करायचा आणि पोत्यातून तेच परत ओतायचं. मग रंगाचा साका होतो, टॉवेलवर डाग पडतात, शेड मारली जाते आणि सगळे डाईंग मास्टरच्या नावाने ओरडतात, त्याचा काय दोष?

म्हणून थप्पीच्या खालची पोतीपण उसवायला लावतो. नमुना पाण्यात विरघळवायचा, बफर (आम्लता-अल्कता स्थिर ठेवणारं द्रावण) घालायचा, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, ही रंग बदलून हार्डनेस दाखवणारी पूड, लालसर जांभळं झालं की हार्डनेस आहे, मग ब्युरेटमधून (मापाच्या काचनळीतून) ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन, थेंब थेंब सोडायचं, पार निळं होईपर्यंत. एवढंच काम आहे, पण गाडी खाली करायच्या आधी व्हायला पाहिजे.

लोखंडाचं अजून वाईट. ते कॉस्टिक सोड्यातून येतं, गंजलेल्या टाकीतून येतं, आणि ब्लीचिंगला, म्हणजे कापड पांढरं करताना, त्याचा कण कापडावर बसला की नेमकं तिथंच पेरॉक्साइड (पांढरं करणारं रसायन) भसाभसा फुटतं, कापसाचा धागा खाल्ला जातो आणि चांगल्या विणलेल्या टॉवेलला टाचणीएवढं भोक पडतं.

आणि मॅग्नेशियम बघा, ब्लीचिंगमध्ये ते पेरॉक्साइडला धरून ठेवतं, भसाभसा फुटू देत नाही, म्हणून आम्हाला हवं असतं, तेच डाईबाथमध्ये नको. आता माल कुठल्या बाथला जाणार हे सर्टिफिकेट लिहिणाऱ्याला कसं कळणार?

छोट्या युनिटवाल्यांनो, ऑर्डर देतानाच कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंड किती पीपीएमपर्यंत चालेल ते लिहून द्या, आणि प्रत्येक लॉटचा थोडा नमुना नंबर टाकून सील करून ठेवा. सप्लायरशी वाद झाला तर तीच बाटली कामाला येते.