समुद्रतळाच्या पाइपलाइनला रोबो टोचतो तेव्हा

समुद्रतळावरच्या पोलादी पाइपलाइनला गंजापासून वाचवायला तिच्यावर ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ॲनोड बसवतात. ते झिजतात, पोलाद टिकतं. संरक्षण शाबूत आहे का, हे आरओव्ही, म्हणजे केबलने जोडून वरून चालवला जाणारा रोबो, हातातल्या प्रोबचं (विद्युतदाब मोजणाऱ्या दांड्याचं) टोक धातूत टोचून पाहतो. प्रोबमध्ये संदर्भासाठी बसवलेल्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत पाइपच्या पोटेन्शियलचं, म्हणजे विद्युतदाबाचं, रीडिंग उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण हवं. उणे ६५०च्या आसपास आलं तर पोलादाला संरक्षण उरलेलं नाही असं समजा.

खरी गोची प्रोबमध्ये असते. इलेक्ट्रोड कोरडा राहिला की आकडा सरकत राहतो, म्हणून तो काही तास आधी समुद्राच्या पाण्यात भिजवावा. मग बादलीत जस्ताच्या तुकड्यावर टेकवून पाहावं. साधारण उणे १००० ते १०५० यायला हवं. डाइव्हनंतर, म्हणजे रोबोची पाण्याखालची फेरी संपल्यावर, हीच चाचणी पुन्हा करावी. ती टाळली तर डाइव्हमधले सगळे आकडे संशयास्पद ठरतात, आणि ही टाळाटाळ मला अक्षम्य वाटते.

पाण्याखाली शिंपले आणि कोटिंग आडवे येतात. टोक धातूला भिडलं नाही तर आकडा नाचतो. अशा वेळी वॉटरजेटने जागा साफ करावी, पुन्हा टोचावं, आकडा काही सेकंद स्थिर राहिला तरच नोंदवावा.

केबलविना स्वतःहून पोहणारं एयूव्ही, म्हणजे पाण्याखालचं स्वयंचलित यान, थांबून टोचत नाही. ते पाइपच्या वरून जाताना पाण्यातलं विद्युतक्षेत्र मोजतं. त्यातून ॲनोड किती प्रवाह देतोय ते कळतं, पण पाइपचं पोटेन्शियल थेट मोजायला टोचणंच लागतं.