गुड फ्रायडे, तीन गावं, तीन मॅचेस आणि गारठलेले पाय

गुड फ्रायडेची सुट्टी, बाहेर चार डिग्री, आणि मी सकाळी साडेनऊला डबल सॉक्स घालून दारात उभा. बायको म्हणाली, एवढी कुठली मोठी मॅच आहे? म्हटलं क्रुक टाउन. कोण? क्रुक टाउन. ती परत झोपायला गेली.

तर सांगतो. इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून 92 क्लब आहेत, टीव्हीवर दिसतं ते बहुतेक त्यातलंच. त्याच्या खाली जे काही आहे त्याला नॉन-लीग म्हणतात, आणि ते खाली खाली खाली जातच राहतं, अगदी गावातल्या पबच्या मागच्या मैदानापर्यंत. या मैदानांवर जाऊन मॅच बघायची आणि वहीत टिक मारायची या वेडाला ग्राउंडहॉपिंग म्हणतात. टीम कुठली, जिंकलं कोण, याच्याशी फार देणंघेणं नाही, ग्राउंड नवीन पाहिजे बस. मला हे वेड लागून तीन वर्षं झाली. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला, त्यामुळे फुटबॉल काही नवीन नाही, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब बघत मोठा झालोय. पण इकडे ईशान्य इंग्लंडात डरहॅमला नोकरीला आल्यावर पहिले दोन हिवाळे वीकेंडला नुसता घरात बसून होतो, मग एकदा चुकून एका गावच्या मॅचला गेलो आणि संपलं.

माझा हॉप पार्टनर म्हणजे आमच्या गल्लीतला रिटायर्ड पोस्टमन, सत्तरी पार, हजाराच्या वर ग्राउंड झालेत त्याची. त्याचे नियम कडक. छापील प्रोग्रॅम (मॅचच्या माहितीची पुस्तिका) नसेल तर ग्राउंड मोजायचं नाही. शून्य-शून्य झाली तर मोजायचं नाही, परत यायचं. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत नाही बघितली तर अर्थातच नाही. मी विचारलं हे नियम कुणी केले, तर म्हणाला, मी. प्रत्येक हॉपरचे स्वतःचे नियम असतात आणि दुसऱ्याचे नियम कसे चुकीचे यावर दोन हॉपर एका चहावर तासभर भांडू शकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एरवी शनिवारी सगळ्या मॅचेस तीनलाच, म्हणजे दिवसाला एकच ग्राउंड. पण सुट्टीच्या दिवशी वेळा मागेपुढे असतात, त्यामुळे अकरा, तीन आणि साडेसात असं जमून आलं. तिन्ही क्लब नॉर्दर्न लीगवाले. ही लीग 1889 ची, म्हणजे 1888 ला सुरू झालेल्या फुटबॉल लीगनंतर जगातली सगळ्यात जुनी. आज पिरॅमिडमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या लीगच्या उतरंडीत, नवव्या-दहाव्या पायरीवर आहे, पण इतिहास विचारू नका, म्हणजे विचारा, मी सांगणारच आहे.

अकराला क्रुक. छोटंसं गाव, एकेकाळी सगळं कोळशाच्या खाणींवर चाललेलं. गेटवर एक आजोबा, हातात पत्र्याचा डबा, सात पाउंड द्या आणि आत जा. मिलफिल्ड ग्राउंड बघून मी हरखलोच, मोठं जुनं स्टँड, आणि एवढ्या मोठ्या मैदानाला माणसं शंभर-सव्वाशे, दोन कुत्री धरून. क्रुकने एफए अमॅच्युअर कप, म्हणजे हौशी क्लबांचा कप, पाच वेळा जिंकलाय, 1901, 1954, 1959, 1962 आणि 1964. आणि खरी गंमत पुढे. इथला जॅक ग्रीनवेल नावाचा गडी 1912 ला बार्सिलोनाला खेळायला गेला, 1917 पासून तिथला कोच झाला आणि बरीच वर्षं टिकला. त्याच्यामुळे क्रुक टाउन 1913 मध्ये आणि नंतर 1921, 1922 मध्ये स्पेनला जाऊन चक्क बार्सिलोनाशी खेळून आलं! पुढे हाच माणूस पेरूचा कोच झाला आणि 1939 ला त्यांना दक्षिण अमेरिकेची चॅम्पियनशिप जिंकून दिली. क्रुकचा माणूस, हां. बार्साचे पेप ग्वार्दिओला बिप सगळे नंतर.

चहाच्या टपरीवर (टपरीच म्हणतो, लाकडी खोली आणि एक खिडकी) मी इंडियाचा म्हटल्यावर एक म्हातारा खूश झाला, म्हणाला आमची टीम 1976 ला इंडिया टूरला गेली होती, आणि मग पाच मिनिटं मला तेव्हाच्या उकाड्याबद्दल सांगत बसला, जणू काही तो उकाडा मीच लावला होता. जाताना म्हणाला, टेक केअर मॅरा. मॅरा हा इकडच्या खाणकामगारांचा शब्द, खाणीत तुमच्या जोडीला जो काम करतो तो मॅरा. आपल्याकडे तालमीत जोडीदार म्हणतात त्याच्या जवळचं काहीतरी. मला कुणी पहिल्यांदाच म्हटलं.

मॅचचं काय सांगू, तीन गोल झाले, त्यातला एक बऱ्यापैकी होता. बॉल दोनदा भिंतीपलीकडे गेला आणि एका पोराला उडी मारून आणायला लावला. पोस्टमनने टिक मारली.

मग ए-68 धरून टो लॉ. क्रुकपासून पाचेक मैल पण सगळा चढ, आणि वर पोचलं की वारा काय असतो ते कळतं. हे इंग्लंडमधल्या सगळ्यात उंचावरच्या ग्राउंडपैकी एक. गाव वसलं ते एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडाच्या कारखान्यामुळे, म्हणून ग्राउंडचं नावच आयर्नवर्क्स. कारखाना कधीच गेला, आसपासच्या खाणीही गेल्या, मैदान आहे. 1951 मध्ये डरहॅम काउंटीने एक प्लॅन केला होता, शंभरावर खाणगावांना कॅटेगरी डी असा शिक्का मारला, म्हणजे इथे नवीन काही बांधायचं नाही, पैसा घालायचा नाही, गाव आपोआप संपू द्यायचं. कागदावर गाव मारायचं म्हणजे काय हे इकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, अजून चिडतात. या भागातून फिरताना मला ते सारखं आठवतं, दुकानं बंद, बस तासाला एक, पण शनिवारी तीनला कुणीतरी पांढरे पट्टे मारून ठेवलेले असतातच, हे मला लय भारी वाटतं.

तर वारा. पहिल्या हाफमध्ये एका गोलकीपरने गोलकिक मारली, बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेला, वर गेला, थांबला, आणि मागे यायला लागला. खोटं नाही सांगत. कीपर उलटा पळतोय, बॉल त्याच्या डोक्यावरून मागे, थोडक्यात पोस्टच्या बाहेरून गेला. सगळं स्टँड खो खो हसतंय. पोस्टमन शांतपणे म्हणाला, आत गेला असता तरी गोल नाही, गोलकिकवरून स्वतःच्या जाळ्यात गेला की कॉर्नर. म्हणजे वाऱ्याने गोल केला तरी शून्य-शून्यच राहिली असती आणि याला परत यावं लागलं असतं, याची काळजी त्याला जास्त.

इथे मी एक पाउंडाचं गोल्डन गोल तिकीट घेतलं. बंद चिठ्ठी असते, आत एक मिनिट लिहिलेलं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला की पैसे तुमचे. माझ्यात निघालं 7. सातव्या मिनिटाला बॉल शेजारच्या रानात होता. हाफटाइमला पाय (इंग्लिशमधला pie, आपला पाय नव्हे) आणि वाटाणे खाल्ले, वर मिंट सॉस, चवीला जरा आपल्या मिसळीतले वाटाणे तर्री काढून दिल्यासारखे, पण त्या थंडीत मी डबा चाटला असता. इंग्लंडकडून खेळलेला ख्रिस वॅडल इथूनच पुढे गेला. सॉसेजचा मसाला बनवणाऱ्या फॅक्टरीत काम करायचा आणि टो लॉकडून खेळायचा, 1980 ला न्यूकॅसलने त्याला 1000 पाउंडात घेतला, दहा वर्षांनी तो वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये पेनल्टी गोलच्या बारवरून बाहेर मारत होता. इथल्या वाऱ्यात शिकलेला माणूस, सवयीने वर मारली असणार, ही माझी थिअरी. आणि 1967 मध्ये याच मैदानावर टो लॉने एफए कपमध्ये मॅन्सफिल्ड टाउनला, म्हणजे वरच्या लीगच्या टीमला, 5-1 धुतलं होतं. मॅन्सफिल्डवाल्यांना वारा कुणी सांगितला नसेल.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. पोस्टमनचं तोंड बघण्यासारखं. मग एक कॉर्नर, गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत. अख्ख्या ग्राउंडवर सगळ्यात मोठ्याने ओरडला तो आमचा पोस्टमन, आणि गोल पाहुण्या टीमचा होता. लोकांनी वळून बघितलं.

संध्याकाळी तोच ए-68 उलटा उतरून वेस्ट ऑकलंड. हे खरोखरच गाव, मध्ये लांबलचक हिरवळ आणि तिच्यावर ब्राँझचा पुतळा, कारण या गावाने ‘पहिला वर्ल्ड कप’ जिंकलाय असं हे लोक म्हणतात. लिप्टन चहा माहितीये ना, तोच सर थॉमस लिप्टन, त्याने इटलीत ट्युरिनला एक स्पर्धा ठेवली, 1909 ला. इंग्लंडकडून कोण गेलं तर हे, खाणकामगारांची गावची टीम. फायनलला स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला 2-0 हरवलं. 1911 ला परत गेले आणि फायनलला युव्हेंटसला 6-1. सहा! दोनदा जिंकले म्हणून ट्रॉफी कायमची यांची झाली. पण जाण्यायेण्याच्या खर्चाने क्लब एवढा कर्जात बुडाला की ट्रॉफी गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे 40 पाउंडाला गहाण टाकली, ती 1960 ला 100 पाउंड देऊन सोडवली, आणि 1994 ला ती चोरीला गेली. आता आहे ती नक्कल. मला विचाराल तर ही गोष्ट 6-1 पेक्षा भारी आहे, वर्ल्ड कप गहाण टाकला म्हणजे काय खेळ आहे का.

रात्रीची मॅच फ्लडलाइटखाली. या लेव्हलला ग्लास हातात घेऊन रेलिंगला टेकून मॅच बघता येते, वरच्या लीगमध्ये मैदान दिसेल तिथे बीअर प्यायला बंदी. लाइन्समन एवढा जवळ की त्याला शिवी दिली तर तो उत्तर देतो. एकाने दिली, त्याने दिलं, दोघेही हसले. आपल्याकडे दिलं असतं तर पेठेत महिनाभर पुरलं असतं.

मॅचनंतर क्लबहाउसमध्ये कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे फुटबॉल असतो का? मी फोन काढला आणि शाहू स्टेडियमचा व्हिडिओ लावला, खच्चून भरलेलं, ढोल, हलगी, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. एक-एक करत सात-आठ म्हातारे माझ्या फोनवर वाकले. कितव्या लेव्हलची मॅच? म्हटलं दोन तालमींची. तालीम म्हणजे? कुस्तीचा आखाडा. मग कुस्तीचा आखाडा फुटबॉल का खेळतो? याचं उत्तर मला इंग्लिशमध्ये काय देता येईना, मराठीतही नीट येत नाही. शेवटी म्हटलं, तुमची खाण तशी आमची तालीम, तेव्हा सगळे हं हं करून परत बीअरकडे वळले.

पोस्टमनने मात्र वही काढली. स्पेलिंग सांग म्हणाला. सांगितलं. मग पेन तसंच धरून विचारलं, प्रोग्रॅम छापतात का? म्हटलं प्रोग्रॅम नाही, पण चौकाचौकात खेळाडूंचे डिजिटल बोर्ड लागतात, वीस वीस फुटी. त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, नाही, मग मोजता नाही येणार.

पण खोडलं नाही, मी बघितलं.