बीटा रीडर्सकडून कथा वाचून घेतली, त्याचा माझा अनुभव

बीटा रीडर म्हणजे कथा छापायला देण्याआधी ती वाचून अभिप्राय देणारा वाचक. त्याचा विषय निघाला की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, माणसं कुठून आणायची. मला विचाराल तर तो भाग त्यातल्या त्यात सोपा आहे, वाचणारी माणसं शोधली की मिळतात. खरं काम त्यांचे अभिप्राय आल्यावर सुरू होतं, एक म्हणतो शेवट बदल, दुसरी म्हणते शेवटच तर भारी आहे, तिसरा नुसताच 'छान' म्हणतो, आणि मग आपण ड्राफ्ट उघडून बसतो पण हात कुठे घालायचा ते कळत नाही. माझ्या एका दीर्घकथेच्या वेळी मी हे सगळं नीट ठरवून केलं आणि कथा इतकी सुधारली की आता कुठलीच कथा या टप्प्याशिवाय पुढे पाठवायची नाही असं ठरवलंय.

कथा साधारण ९ हजार शब्दांची. वडील गेल्यावर दोन बहिणी घर रिकामं करायला येतात, दोघींमध्ये कित्येक वर्षांचा अबोला, धाकटीला वडिलांची हिशेबाची वही सापडते आणि त्या वहीवरून तिला कळतं की मोठी घर सोडून गेली नव्हती, वडिलांनीच तिला पैसे देऊन लांब पाठवलं होतं. शेवटी ती वही मोठीच्या हातात येते आणि ती न वाचताच फाडून टाकते.

लिहून झाल्यावर लगेच कुणाला दिली नाही. काही आठवडे फाइल बंद ठेवली, मग पूर्ण कथा मोठ्याने वाचली, अडखळणारी वाक्यं बदलली, टायपिंगच्या चुका काढल्या. याचं कारण सरळ आहे, एक वाचक एकच कथा पहिल्यांदा एकदाच वाचू शकतो. ती कोरी नजर ऱ्हस्वदीर्घ शोधण्यात खर्च झाली तर गोष्टीबद्दल काय वाटलं ते सांगायला वाचकाकडे काही उरतच नाही. म्हणूनच सगळ्या वाचकांना एकदम द्यायची नाही, काही जण दुसऱ्या फेरीसाठी मुद्दाम राखून ठेवायचे.

पहिल्या फेरीत चार वाचक घेतले. एक मैत्रीण स्वतः लिहिणारी, दोघं फक्त भरपूर वाचणारे, आणि एक काकू ज्यांना कौटुंबिक कथा आवडतात पण त्यांचा शेवट गोड हवा असतो. लिहिणाऱ्या माणसाची एक सवय असते, तो वाचता वाचता मनात तुमची कथा स्वतःच्या पद्धतीने लिहायला लागतो, त्यामुळे सगळेच वाचक लिहिणारे घेऊ नयेत असं माझं मत आहे. नुसतं वाचणारा माणूस कंटाळला की कंटाळलो म्हणतो, त्याला त्यामागची थिअरी सांगायची नसते, आणि आपल्याला तेच हवं असतं.

प्रत्येकाला गूगल डॉक्समध्ये वेगळी कॉपी दिली, एडिटची परवानगी न देता फक्त कमेंटची. एकाच डॉक्युमेंटमध्ये सगळ्यांना घेतलं की पहिल्याची कमेंट वाचून दुसरा 'हो, मलाही' म्हणतो आणि मग ते खरंच दोघांना वाटलं की एकालाच, ते समजायला मार्ग राहत नाही. काकूंना पीडीएफ पाठवली, त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट्स पाठवल्या आणि त्या तर लिखित कमेंट्सपेक्षाही कामाच्या निघाल्या, कारण आवाजात वैताग लपत नाही.

सोबत जो मेसेज पाठवला तो असा होता: 'वाचताना समासात फक्त अक्षरं टाका. कंटाळा आला तिथे क, गोंधळ झाला तिथे ग, खोटं वाटलं तिथे ख, आवडलं तिथे आ. कारण सुचलं तर लिहा, नाही सुचलं तर राहू द्या. मधेच सोडावीशी वाटली तर सोडा, फक्त कुठे सोडली ते सांगा.' कथेचा विषय काय, मला काय म्हणायचंय, यातलं एक अक्षरही सांगितलं नाही. आणि वाचून झाल्यावर विचारायचे प्रश्न आधी कळवले नव्हते, नाहीतर माणूस परीक्षेला बसल्यासारखा वाचतो. ते प्रश्न तीनच होते: कथा न बघता चार-पाच वाक्यांत गोष्ट सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने होतात, आणि मोठीने वही का फाडली असं वाटतं. 'आवडली का' हे विचारलंच नाही, त्याला कुणीही भला माणूस हो म्हणणार.

गोष्ट परत सांगायला लावणं हा माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सगळ्यात मोलाचा भाग. लेखकाच्या डोक्यात कथेचं सगळं मागचं-पुढचं चालू असतं आणि वाचकाला दिसतात फक्त कागदावरचे शब्द. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी एक प्रयोग केला होता, त्यात एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्म्या वेळा तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात गाणं सुरांसकट चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. वाचकाने गोष्ट परत सांगितली की त्याला यातलं नेमकं काय पोचलं ते समोर येतं.

आता अभिप्रायांकडे येते. एका प्रसंगात चौघांपैकी तिघांनी ग टाकला होता, जवळपास त्याच ओळींवर. माझं वाक्य होतं, 'तिने ती तिच्याकडे सरकवली, पण तिने तिच्याकडे पाहिलंही नाही.' मी लिहिताना मला स्वच्छ दिसत होतं कोण कुठे बसलंय. पण दोन बाया, दोघी 'ती', त्यात वहीसुद्धा 'ती', आणि दोघींना नावं द्यायची नाहीत हा माझा हट्ट. दोन पुरुष आणि वही असती तर निदान वहीपुरता गोंधळ टळला असता. वहीचं रजिस्टर करून बघितलं, ते 'ते' होतं म्हणून, पण असे बाप घरचा हिशेब वहीतच लिहितात, रजिस्टर म्हटलं की ऑफिस वाटायला लागतं, म्हणून पुन्हा वही केली. शेवटी सगळी कथा धाकटीच्या नजरेतून घेतली आणि निवेदनातही मोठीला 'ताई' केलं. वाक्य झालं, 'तिने वही ताईपुढे सरकवली. ताईने पाहिलंही नाही.' गोंधळ तर गेलाच, पण अबोला असूनही मनातल्या मनात ती अजून ताईच म्हणते हे आपोआप आलं, ते मी वेगळं लिहायला गेले असते तर नक्की भडक झालं असतं.

दुसरी जागा शेवटाची. चौघांनाही वही फाडणं 'अचानक' वाटलं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. मैत्रीण म्हणाली तिला दोन पानं वाचू दे मग फाडू दे, एक जण म्हणाला धाकटीने अडवायला हवं, दुसऱ्याला मोठीच्या मनातले विचार हवे होते, आणि काकूंना दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडायला हवं होतं. इथेच खरी कसोटी लागते. चार जण एकाच जागेवर बोट ठेवतात तेव्हा तिथे काहीतरी आहे हे शंभर टक्के धरून चालायचं, पण उपाय मात्र त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत, कारण त्यांना दुखतं कुठे ते कळतं, मुळाशी काय आहे ते शोधणं लेखकाचं काम. मी त्यांनी परत सांगितलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एकाच्याही सांगण्यात हे नव्हतं की त्या वहीत काय आहे हे मोठीला आधीपासून माहीत होतं! माझ्या दृष्टीने तर कथेचा सगळा भार त्यावर उभा होता. ते कथेत होतं, पण सुरुवातीला कपाटाच्या वर्णनाच्या एका लांबलचक वाक्यात, तिसऱ्या स्वल्पविरामानंतर. ते तिथून उचललं आणि त्याचा छोटा संवाद केला, ताई कपाट उघडते आणि म्हणते, 'त्यांची वही खालच्या कप्प्यात असेल, सगळं लिहून ठेवायचे ते, मलासुद्धा.' बस, एवढंच. शेवटाचा एक शब्दही बदलला नाही. दुसऱ्या फेरीतल्या वाचकांपैकी कुणालाच शेवट अचानक वाटला नाही, एकीने तर लिहिलं की मला वाटलंच होतं ती वाचणार नाही.

तेव्हापासून तक्रार शेवटाची आली की मी आधी सुरुवातीची पानं उघडते.

चारातला एक वाचक मधेच गप्प झाला होता. त्याला आग्रह न करता फक्त विचारलं की कुठे थांबलास, तर म्हणाला दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर. तिथे कथा वीस वर्षं मागे जात होती आणि ते कळायला अर्धं पान लागत होतं. पहिल्याच वाक्यात काळ स्पष्ट केला, मग त्याने पुढची कथा एका बैठकीत वाचली. म्हणजे न वाचणं हासुद्धा अभिप्रायच आहे, फक्त तो मागून घ्यावा लागतो.

वहीतल्या नोंदींच्या परिच्छेदावर दोघांचा क होता आणि दोघांचा आ. अशी सरळ फूट पडली की तो आवडीनिवडीचा मामला, तिथे निर्णय आपला. मला त्या नोंदी हव्या होत्या, तरी निम्म्या काढल्या कारण उरलेल्या निम्म्यांत तेच काम होत होतं.

फोनवर बोलताना एक नियम अगदी कडक पाळला, समजावून सांगायचं नाही. 'अहो, ते पुढे येतं ना' हे वाक्य ओठांवर येतं, ते गिळायचं आणि लिहून घ्यायचं. एकदा का आपण समजावलं की वाचक पटलं म्हणतो आणि पुढे खरं सांगणं बंद करतो. आणि कथा छापून आल्यावर तिच्यासोबत समजवायला आपण थोडेच जाणार आहोत. सगळं एका शीटमध्ये टाकलं, पान, खूण, किती जणांनी, आणि काही दिवस त्याला हात लावला नाही, कारण अभिप्राय ताजा असताना एकतर सगळंच पटतं नाहीतर काहीच पटत नाही. जुना ड्राफ्ट तारीख टाकून वेगळा ठेवला, त्यामुळे कापाकापी करायला भीती वाटली नाही.

दुसऱ्या फेरीत खुणा विखुरलेल्या आल्या, एकाची इथे, दुसऱ्याची तिथे, एकाच जागी दोघं कुठेच नाहीत. तिथे थांबले. तिसरी फेरी घेतली असती तरी अभिप्राय आलेच असते, ते कधीच संपत नाहीत, पण त्यांच्या मागे लागून कथेचं जे स्वतःचं आहे तेही घासून गुळगुळीत झालं असतं. शुद्धलेखन एका जाणकार ओळखीच्यांकडून वेगळं तपासून घेतलं आणि कथा संपादकांकडे पाठवली.

सगळ्या वाचकांना शेवटचा ड्राफ्ट पाठवला आणि कुणाच्या कुठल्या खुणेमुळे काय बदललं ते प्रत्येकाला कळवलं, एवढा वेळ दिलेल्या माणसाला ते कळायलाच हवं. मैत्रिणीची कादंबरी आता मी वाचतेय. काकूंना सरळ सांगितलं की गळाभेट घेतली नाही, कारण या दोघी तशा नाहीत. त्यांना ते पटलेलं नाही, पण पुढची कथा त्यांनी मागून घेतलीय आणि मीही त्यांना पहिल्याच फेरीत देणार आहे, कारण ख टाकताना त्या कुणाचीच भीड ठेवत नाहीत.