तेरीज

मंगळवार, रात्री साडेअकरा

शुक्रवारी बर्कलीला सामान हलवायचंय. आज फ्रिजवरचा कागद काढला. कॅलिफोर्नियातल्या असिस्ट नावाच्या वेबसाइटवरून आईने दोन वर्षांपूर्वी छापून लावला होता. डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात आमच्या डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात घ्यायचा विषय. कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, इंग्रजी. एकेक संपला की आई लाल पेनाने खूण करायची. कोपऱ्यावर फोडणीचे शिंतोडे आहेत. फेकवेना, वहीत घालून ठेवला.

बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलमध्ये ट्रान्स्फर, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, मिळाला, हे अजूनही सकाळी उठल्यावर एकदा आठवावं लागतं. शंभर अर्जांतले दहासुद्धा ते घेत नाहीत. अटी पूर्ण केल्या की प्रवेश नक्की, अशी हमीची ट्रान्स्फर बर्कली देत नाही, म्हणून 30 सप्टेंबरच्या आत युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसचा हमीचा अर्ज भरून ठेवला होता. मग नोव्हेंबरात मुख्य अर्ज, जानेवारीत मार्कांची ताजी माहिती, आणि एप्रिलपर्यंत नुसती वाट.

गणपतीत भेटलेल्या काकू म्हणाल्या होत्या, "कम्युनिटी कॉलेज का? असू दे हं." ते 'असू दे' मला फार लागलं होतं. त्या वर्षी बाबांची नोकरी गेली होती. 90 युनिट (क्रेडिट), एका युनिटला 31 डॉलर, म्हणजे दोन वर्षांत 2,790 डॉलर. बर्कलीची एका वर्षाची फीच पंधरा हजारांच्या वर. आमच्या घराला तोच रस्ता परवडत होता आणि तो चांगला रस्ता होता. हे तेव्हा काकूंना सांगायला हवं होतं.

पण आज लिहायचंय ते तिच्याबद्दल.

अकाउंटिंगच्या पहिल्याच क्वार्टरला, म्हणजे तिमाही सत्राला, ती माझ्या शेजारी बसायची. व्हिएतनामी, वय एक्केचाळीस, दोन मुलं, दिवसभर नेल सलूनमध्ये काम. वर्ग सुटला की 23 नंबरची बस येईपर्यंत आम्ही लायब्ररीत गृहपाठ करायचो. एकदा माझी तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जमा आणि नावे या दोन्ही बाजूंच्या बेरजा, काही केल्या जुळेना. 540 डॉलरचा फरक. मी सगळं खोडून पुन्हा बेरजा करायला घेतल्या. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आधी नऊने भाग. साठ आले, बाकी शून्य. "म्हणजे कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिलेत." खातेवहीवरून पेन्सिल फिरवत गेली आणि एका ओळीवर थांबली. 930 च्या जागी मी 390 लिहिले होते.

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती पोळी लाटायची थांबली. सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते ना माझे आजोबा, तेही आधी नऊनेच भागायचे म्हणे. मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझा आहे.

अर्जात एक सक्तीचा प्रश्न असतो: निवडलेल्या विषयासाठी काय तयारी केलीत? 350 शब्दांत उत्तर. आधी मी क्लबची पदं, नेतृत्व वगैरे लिहिलं होतं. वाचताना माझं मलाच खरं वाटेना. मग सगळं पुसून त्या 540 डॉलरबद्दल लिहिलं. पाठवायच्या आधी तिला वाचायला दिलं. तिने फक्त एक चूक काढली: तिचं वय मी चाळीस लिहिलं होतं.

तिने बर्कलीला अर्जच केला नाही. धाकटा आठ वर्षांचा, रोज इतक्या लांब जाणं शक्य नव्हतं. सॅन होजे स्टेटला अकाउंटिंगला जातेय. माझ्यापेक्षा तिचं अकाउंटिंग पक्कं आहे, हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा आईनंतर पहिला फोन तिला केला, आणि तिच्या आनंदाने ओरडण्यात कुठेही खोट नव्हती. मी मात्र फोन ठेवून रडले. माझ्या यशात तिचा वाटा आहे आणि तो कुठल्याच मार्कपत्रिकेवर दिसत नाही, याचं वाईट वाटत होतं. अजून वाटतं.

आज ती येऊन गेली. फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल सूप, करायचं मोठं पातेलं देत होती, खोलीवर कुठे ठेवू म्हणून मी नको म्हटलं. आईने तिला डबाभर लाडू दिले.

इंटरमीडिएट अकाउंटिंग दोघींनाही घ्यायचंय. शनिवारी सकाळी दहाला फोनवर बसायचं ठरलंय.