उलट्या आट्यांचा ट्रनियन

कोल्हापूरला आमच्याकडे १९७० सालची स्टँडर्ड हेराल्ड मोटार आहे. आजोबांनी घेतलेली, आता बाबा सांभाळतात. गेल्या दिवाळीत मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ट्रनियन संपले."

ट्रनियन म्हणजे ब्राँझचा मुठीत मावेल एवढा ठोकळा. त्याला आतून आटे असतात आणि त्यात चाकाचा उभा दांडा फिरतो. तिथं ग्रीस चालत नाही, ईपी ९० गिअर ऑईल लागतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ग्रीसच भरत आले. आटे कोरडे पडून दांडा मोडला की चाक आडवं होतं, आणि बहुतेक वेळा गाडी वळतानाच.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. नवे ट्रनियन घरबसल्या मागवता येतात हे मला ठाऊक होतं, पण ते मी बाबांना सांगितलं नाही. मला ब्यूलीला जायचं होतं.

ब्यूली हे हॅम्पशरमधल्या न्यू फॉरेस्टमधलं गाव. स्पेलिंग सगळं फ्रेंच, त्यामुळे टॅक्सीवाल्याला मी पहिल्यांदा भलतंच काहीतरी सांगितलं. ब्रॉकेनहर्स्टला ट्रेनमधून उतरून पुढे टॅक्सी. वाटेत जंगलातली मोकाट तट्टं रस्त्यावर उभी होती. ती हलेपर्यंत सगळे शांतपणे थांबले, हॉर्न कुणी वाजवला नाही. तिथल्या मोटार संग्रहालयाच्या आवारात दर सप्टेंबरला ऑटोजम्बल भरतो. १९६७ साली सुरू झाला आणि हा शब्दही तिथलाच. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांपुढे आणा, फक्त सगळा मोटारींचा आणि हिरवळीवर मांडलेला.

गेल्या गेल्या समोर चकाचक जग्वार आणि एमजी होत्या. फोटो काढले आणि पुढे सटकलो. खरी मजा पुढच्या शेतात. ताडपत्रीवर गंजलेली स्टिअरिंग, ल्यूकसचे हेडलाइट, एसयूचे कार्ब्युरेटर, डबाभर नट. लोक छोट्या हातगाड्या ओढत हिंडतात. एक गृहस्थ अख्खा गिअरबॉक्स बाळासारखा कडेवर घेऊन चालले होते. पाऊस रात्रीच पडून गेला होता आणि मी कॅनव्हासचे बूट घालून गेलो होतो.

तासाभरात ट्रनियन सापडले, तेही स्टॅनपार्टच्या जुन्या खोक्यांत. स्टॅनपार्ट म्हणजे हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीचा कारखान्यातला अस्सल माल. दोन खोकी, चाळीस पौंड. मी फारशी घासाघीससुद्धा केली नाही. खोकी पिशवीत टाकली आणि चहा घेऊन बाकावर बसलो. बाबांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: "आटे बघितलेस का?"

नव्हते बघितले. हेराल्डच्या उजव्या ट्रनियनचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं. एकात आटे ज्या बाजूला चढत होते, दुसऱ्यातही त्याच बाजूला. दोन्ही उजवे.

आता तो स्टॉल शोधायचा. नंबर टिपून ठेवला नव्हता, आणि आसपासचा प्रत्येक स्टॉल निळ्या ताडपत्रीचा. पाऊण तास चिखल तुडवला. शेवटी टेबलावरच्या केटलीवरून ओळखला. स्टॉलवाले आजोबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी खोक्यांकडे न बघता एक जुना दांडा काढला, ट्रनियनमध्ये धरून घड्याळाच्या दिशेनं फिरवला. गेला. दुसऱ्यात फिरवला. तोही गेला. "हं," एवढंच म्हणाले आणि टेबलाखालची पत्र्याची पेटी उपसायला लागले. तिसऱ्या ट्रनियनमध्ये दांडा अडला. मग त्यांनी डाव्या बाजूचा दांडा घेऊन उलटा फिरवला आणि तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला. पैसे वर मागितले नाहीत.

"गाडी कुठली?" त्यांनी विचारलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चार दारं?"

ब्रिटनमध्ये हीच गाडी ट्रायम्फ हेराल्ड म्हणून १९५९ ते १९७१ निघाली, पण कायम दोन दारांची. आरेखन इटलीच्या मिकेलोत्तीचं. स्टँडर्ड-ट्रायम्फला एकसंध बॉडी बनवून देणारा कारखाना बीएमसी या प्रतिस्पर्धी मोटार कंपनीनं विकत घेतल्यामुळे हेराल्ड वेगळ्या चेसिसवर, बोल्टांनी जोडलेल्या तुकड्यांची करावी लागली. असे तुकडे परदेशी पाठवून जोडणं सोपं, म्हणून ती मद्रासला पोहोचली. तिथं पुढे तिला मागची दोन दारं मिळाली. ब्रिटनमध्ये १९६३ नंतर गाड्यांवर स्टँडर्ड हे नावही उरलं नाही, आपल्याकडे ते ऐंशीच्या दशकापर्यंत टिकलं.

हे सगळं मी सांगितलं, पण आजोबांना पटेना. फोटोत काहीतरी गडबड केली असावी असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी शेजारच्या स्टॉलवाल्याला हाक मारली, त्यानं आणखी एकाला. तिघं मोबाइलवर वाकले. आयुष्यभर हेराल्ड खोलण्यात गेलेली ही माणसं, आणि त्यांनी न पाहिलेली हेराल्ड आमच्या अंगणात तुळशीशेजारी उभी.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. "बाबा, मागचं दार उघडून दाखवा."

"कशाला रे?"

"दाखवा तर."

बाबा बनियनवरच बाहेर आले. तीन अनोळखी चेहरे दिसताच परत आत गेले आणि शर्ट घालून आले. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि लावलं. ते लागलं नाही, पहिल्या फटक्यात कधीच लागत नाही. दुसऱ्यांदा आपटलं, तरी नाही. तिसऱ्यांदा बाबांनी खालून थोडं उचलून ढकललं, तेव्हा लागलं.

"बिजागरी खाली बसली आहे," आजोबा मोबाइलकडे बघत म्हणाले आणि पुन्हा टेबलाखाली वाकले.