सव्वा गुंठ्यातला चाकवत

बोटांना पीठ लागलं म्हणून मी खुरपायची थांबले.

मे महिन्यातला शेवटचा सोमवार, म्हणजे इथला बँक हॉलिडे, सार्वजनिक सुट्टी. दुपारचे तीन वाजलेले आणि इंग्लंडातल्या लेस्टरच्या मानानं ज्याला ऊन म्हणता येईल असं ऊन. आमच्या अलॉटमेंटवर नुसती जत्रा भरली होती. कुणी बटाट्याला भर लावतंय, कुणी घेवड्यासाठी बांबूच्या काठ्या रोवतंय, कुणी ब्रॉड बीन्सचे शेंडे मावा पडायच्या आत खुडून टाकतंय. (ते कोवळे शेंडे लसणाच्या फोडणीवर टाकले की झकास भाजी होते. पण कुणाकुणाला सांगणार?) पलीकडे सॉसेज भाजल्याचा वास. टोमॅटोची रोपं घरून मोटारीत बसून हवा खायला आलेली. संध्याकाळी ती परत घरी जायची, कारण इथल्या मे महिन्याचा काही भरवसा नाही. पंधरवड्यापूर्वी एका पहाटे दव गोठलं होतं.

मी उकिडवी बसून कांद्याचा वाफा खुरपत होते. खुरपं वाईच्या बाजारातलं, जुन्या साडीत गुंडाळून विमानानं आणलेलं. आमच्या इथे बाकी सगळे उभ्यानं, लांब दांड्याच्या अवजारानं तण काढतात. शेजारच्या प्लॉटवरच्या इंग्रज आजोबांना माझ्या बसण्याचं भारी कौतुक. ‘तुमचे गुडघे मला विकत द्या,’ म्हणतात. तर असं खुरपता खुरपता एक रोप चिमटीत धरलं आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. पान उलटं करून पाहिलं. वरून हिरवं, खालून मळकट पांढरं, कडेला दातेरी, आणि शेंड्याकडच्या बारीक पानांवर तर पिठी इतकी की पाण्याचा थेंब टाकला तर न भिजवता घरंगळून जावा.

चाकवत. सबंध कांद्याच्या वाफ्यात कांद्यापेक्षा जास्त चाकवत.

अलॉटमेंटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्या घरचेच तिला अजून ‘तुझं ते शेत’ म्हणतात आणि हसतात. नगरपालिकेकडून भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा. तो अजूनही रॉड या जुन्या इंग्रजी मापात मोजतात. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे जवळजवळ अडीचशे चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. माझा अर्धा. साताऱ्याहून भाऊ फोन करतो तेव्हा मुद्दाम विचारतो, “काय सव्वा गुंठ्याच्या बागाईतदारीणबाई, रोहिण्या निघाल्या, पेरणी उरकली का?” त्याचं स्वतःचं शेत वाटेकऱ्याकडे असतं, ही गोष्ट मी बोलून दाखवत नाही.

या तुकड्यांचा कायदा १९०८ सालचा. त्याआधीची शंभर-दीडशे वर्षं गावोगावची गायरानं कुंपणं घालून मोठ्या जमीनदारांनी गिळली होती. ज्यांची गाय त्या गायरानात चरायची त्यांच्या हातावर शेवटी हे एवढंसं वावर ठेवण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच तुकड्यांना देशकार्याचं रूप आलं, बागांतली हिरवळ उखडून बटाटे लावले गेले. १९५० च्या कायद्यानं इथे कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा दिली. कोंबड्याचं नाव त्यात नाही, तेव्हा आरवण्याची परवानगी नाही. असला कायदा इंग्रजच करू जाणे. पिकलेलं विकायचा धंदा करायचा नाही, स्वतः खायचं आणि वाटायचं. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. ऑगस्टात दारोदार फिरून झुकिनी वाटायची वेळ येते तेव्हा जरा कमी आवडतं.

पण ऑगस्टची गोष्ट वेगळी. मे महिन्यात वाटायला काहीही नसतं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. चहूकडे हिरवंगार, झाडं मोहरलेली, रात्री नऊला लख्ख उजेड, आणि टोपलीत शून्य. थंडीतला कोबी-केल फुलावर येऊन कडू झालेला, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) जून होऊन त्याच्या पोटात दांडा आलेला, नवं सगळं अजून वीतभर. अन्न नसायचे दिवस इथे भर थंडीत येत नाहीत, वसंतात येतात. जुन्या काळी याच दिवसांत लोकांच्या कणग्या तळाला लागत. आता दुकानं आहेत, त्यामुळे लोक रुबार्बचं क्रंबल करतात, ज्याच्याकडे शतावरीचा जुना गादीवाफा असेल तो भाव खातो आणि बाकीचे नुसते पाणी घालत राहतात. आणि नेमक्या याच दिवसांत, कुणी न पेरता, न पाणी घालता, हा चाकवत वीत-वीत वाढून उभा राहतो. तो लोक मुठी-मुठीनं उपटतात आणि कंपोस्टच्या ढिगावर फेकतात. दोन-तीन घमेली तरी त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत गेली. प्रत्येक घमेल्यात चार माणसांची भाजी.

आजोळी चाकवत पौषात यायचा. इथला मे आपल्या पौषाहून काही उबदार नाही, तेव्हा तिथीचा घोळ झाला तरी त्याचं हवामान चुकलेलं नाही. गव्हात भांगलणीला बायका यायच्या. मी सुट्टीत असले की आजी मलाही ओळीत बसवायची, कामाच्या अपेक्षेनं नव्हे, घरात लुडबुड नको म्हणून. बायकांचे हात एका लयीत चालायचे. खुरप्याची एक ओढ, उपटलेलं तण मागे. मात्र चाकवत आला की हात मागे न जाता कमरेकडे वळायचा. मुळाकडची माती मांडीवर झटकायची, मूळ खुडायचं आणि पानं ओट्यात. गप्पा चाललेल्या असायच्या, कुणी खाली बघतही नसे, हाताला आपोआप कळायचं. दुपार कलायला लागली की प्रत्येकीचं पोट सात महिन्यांचं दिसायचं. यावरून होणारे विनोद मला कळत नसत आणि आजी ते कळू देत नसे.

मी एकदा सगळंच मागे टाकत होते. शेजारची म्हातारी म्हणाली, “आगं बाय, आमटीचं टाकतीस व्हय?”

संध्याकाळी आजीच्या चुलीवर मोठं पातेलं. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी शिजायला टाकलेले. चाकवत मऊ शिजला की तो रवीनं घोटायचा, ताकात डाळीचं पीठ कालवून त्यात ओतायचं आणि मग कुणीही हाक मारली तरी चुलीपुढून उठायचं नाही, कारण ढवळायचं थांबलं की ताक फुटतं. आजी एरवी सगळ्यांच्या हाकेला धावणारी बाई. तेवढी दहा मिनिटं ती कुणाची नसायची. वरून लसूण-मिरचीची फोडणी, चर्र. आजोबा ओसरीवरून विचारायचे, “ताकातला का?” त्यांना वासावरून कळलेलं असायचंच. विचारायचं ते आपलं उत्तर ऐकायला.

आता मला विचाराल तर माणसानं मुळ्याला शेंगा धरू द्याव्यात, विरळणीतली मेथी फेकू नये आणि चाकवत असेल तिथून हलवू नये. घरच्यांच्या मते हा हेका आहे. असेल. शेजारच्या आजोबांचा मुळा मागच्या वर्षी उन्हानं फुलावर गेला तेव्हा ते तो उपटायला निघाले होते. मी हातापाया पडून चार झाडं राखली. डिंगऱ्या धरल्या, त्यातली एक त्यांना कच्ची खायला दिली. त्यांनी ती बराच वेळ चावली, मग खिशातून वही काढून काहीतरी लिहून ठेवलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. त्यांची प्रत्येक ओळ दोरी लावून पेरलेली असते आणि ओळीच्या टोकाला तारखेची पाटी. मला बी फोकायची सवय. तीन बोटांतून सोडलेलं बी पडेल तिथे त्याचं घर. त्यामुळे उगवून आल्यावर पीक कुठलं आणि पाहुणे कुठले हे फक्त मला कळतं, क्वचित मलाही कळत नाही.

आणि इथेच भानगड झाली. गेल्या जूनमध्ये आमच्या मळ्याच्या समितीचं पत्र आलं. अतिशय गोड भाषेत. आपल्या प्लॉटचा बराच भाग तणानं व्यापलेला दिसतो, काही अडचण असल्यास जरूर कळवा, अन्यथा महिन्याभरात जमीन लागवडीखाली आणावी. ज्या भागाबद्दल लिहिलं होतं तो अर्थात चाकवत होता. खाली मेथी होती, पण ती बुटकी.

पत्र घेऊन मी बांकडे, म्हणजे मळ्यावरच्या गुजराती आजींकडे गेले. बांचा प्लॉट पाण्याच्या टाकीजवळ. ऐंशीच्या घरातल्या, कंपालाहून आलेल्या. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीननं युगांडातल्या एशियन लोकांना नव्वद दिवसांत निघून जायला सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमचं गाव भरलंय, इकडे येऊ नका. बा म्हणतात, त्या जाहिरातीनंच आम्हाला लेस्टर हे नाव कळलं, मग आलो. पॉलीटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बोगद्यात, त्यांचे दुधी लोंबतात, बाहेर वाल पापडीचा मांडव असतो. समितीतलं कुणी त्यांना पत्र पाठवत नाही, पाठवायची छातीच होत नसावी.

पत्र त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, “दीकरी, पाटी लाव.”

“कसली पाटी?”

“नावाची. पाटी नसली तर घास, पाटी असली तर शाक.”

आणि मग दीड तास थेपल्यांवर बोलत राहिल्या.

बांचं म्हणणं मी थोडं तपासून पाहिलं, म्हणजे पुस्तकं चाळली. डेन्मार्कच्या दलदलीत दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं सापडली आहेत, कातडीसकट टिकलेली. त्यांच्या पोटातल्या शेवटच्या जेवणात चाकवताच्या बियाही निघाल्या. इंग्लंडातही पालक येऊन रुळेपर्यंत लोक हाच खात होते. एका दांडग्या झाडावर बिया हजारोंनी धरतात आणि मातीत पुरल्या गेल्या तर कित्येक दशकं जिवंत राहतात, जमीन हलली की वर येतात. म्हणजे मी खुरप्यानं उकरून काढलेलं हे रोप युद्धाच्या काळात कुणाच्या तरी बटाट्याखाली गेलेल्या बियाचं असू शकतं. तेव्हाही कुणीतरी घाम पुसत, शिव्या घालत ते उपटलं असणार. रेशनवर मोजून मिळणारं खाणाऱ्या त्या माणसाच्या हातात ही एवढी भाजी होती आणि त्यानं ती ढिगावर फेकली असणार, या विचारानं मला उगाचच अस्वस्थ व्हायला होतं. आपण गरजेच्या वेळीसुद्धा जे ओळखीचं तेवढंच खातो.

असो. बांचा सल्ला मानला. मागच्या शरदात दोन झाडं बियांवर ठेवली, बी झोडून, पाखडून, जुन्या चहाच्या डब्यात राखेत घोळून ठेवलं. यंदा एप्रिलमध्ये वाफा भुसभुशीत केला, शेजारच्या आजोबांकडून दोरी उसनी आणली आणि जन्मात पहिल्यांदा सरळ ओळीत पेरलं. टोकाला पाटी रोवली. वर मराठीत ‘चाकवत’, खाली वनस्पतीशास्त्रातलं दणदणीत लॅटिन नाव, पेरणीची तारीख. वर जाळी, कबुतरांसाठी. एवढे लाड मी टोमॅटोचेही केलेले नाहीत.

परवा समितीचे गृहस्थ पाहणीला आले. सज्जन माणूस, हातात वही, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बटाटे बघितले, कांदा बघितला, माझ्या खुरप्याची चौकशी केली. मग पाटीपाशी थांबले, लॅटिन नाव अडखळत वाचलं आणि त्या ओळीकडे वाकून पाहत राहिले. ओळीत एक कोंब नव्हता. काळीभोर, भिजलेली, रिकामी माती.

“येईल, येईल,” ते मला धीर देत म्हणाले. “यंदा सगळंच उशिरा आहे.”

ते उभे होते तिथे त्यांच्या नडगीपर्यंत चाकवत होता.